एका नावाचे दोन पाव

मी एक लाकडी शिक्का बोलतोय. कागदावर उमटणारे माझे भाऊबंद वेगळे. मी कणकेवर उमटतो. टेबलावर नुसता पडलो असेन तर तुम्ही मला ओळखणार नाही. कुणी मला मोडक्या रवीचा तुकडा समजतं, कुणी बिनआरीचा भोवरा. विमानतळावरच्या एका माणसानं तर मला नाकाशी नेऊन हुंगलं होतं. माझ्या पोटात काहीतरी लपवलं असावं असा त्याला संशय होता. सापडला तो फक्त शिळ्या पिठाचा वास.

वर धरायला मूठ आहे, खाली तळहाताएवढी गोल चकती. चकतीवर मधोमध क्रूस आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत जुनी ग्रीक अक्षरं. येशू ख्रिस्त विजयी, असा त्यांचा अर्थ. ती उलटी कोरलेली आहेत, म्हणजे पावावर सुलटी दिसतात. रविवारी देवळात जो पाव प्रसादासाठी न्यायचा, त्याच्यावर माझा ठसा हवा. ठशाशिवाय तो साधा पाव. न्याहारीला खा, नाहीतर कोंबड्यांना घाला.

माझा जन्म सीरियातला. होम्स शहराच्या पश्चिमेला डोंगरांमध्ये एक खोरं आहे, तिथल्या एका गावातला. बर्फाच्या ओझ्यानं मोडून पडलेल्या अक्रोडाच्या फांदीतून नामान सुतारानं मला काढलं. नामान दारं करायचा, पाळणे करायचा, शवपेट्या करायचा. मला कोरताना तो दर थोड्या वेळानं बायकोला हाक मारायचा, "अगं, हे अक्षर बरोबर आलंय का बघ." तिला अरबीसुद्धा वाचता येत नव्हतं. ती हात पुसत यायची, मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "छान आहे." त्यामुळे माझं एक अक्षर आजही जरा कलंडलेलं आहे.

मला घडवून घेतलं ते त्याच गावच्या मित्रीच्या आईनं. तिच्याकडून मी तिच्या सुनेच्या, म्हणजे मित्रीच्या बायकोच्या, नजलाच्या हाती आलो. सासूनं सुनेला दागिने दिले तेव्हा फारसं काही सांगितलं नाही. मला देताना मात्र बराच वेळ बजावत होती. "सरळ दाबायचं, पिळायचं नाही. पाण्यानं धुवायचा नाही, कोरड्या कुंचल्यानं झाडायचा. आणि मनात राग असेल तर आधी जाऊन भांडून ये, मग दाब. राग कणकेत उतरतो."

नजला नवी नवरी होती. तिनं विचारलं, "आणि भांडण तुमच्याशीच असेल तर?"

"तर त्या दिवशी पाव मी करीन," म्हातारी म्हणाली.

आमच्या घरची रीत अशी, की शनिवारी दोन पाव करायचे. एक जिवंत माणसांच्या नावाचा आणि एक गेलेल्यांच्या नावाचा. रविवारी सकाळी ते धर्मगुरूंच्या हाती द्यायचे. त्यांना आम्ही अबूना म्हणतो. पाव देताना तोंडानं नावं सांगायची. अबूना आत वेदीजवळ जाऊन प्रत्येक नावाला पावाचा एक चुरा काढतात. जिवंतांचे चुरे एका ओळीत, गेलेल्यांचे त्यांच्या खालच्या ओळीत.

हे मी ऐकून सांगतोय. मी देवळात कधी गेलेलो नाही. माझा ठसा जातो, मी घरीच राहतो. रविवारी सकाळी घर रिकामं झालं की मी ओट्यावर पडून पावलांची वाट बघतो. ते परतले, बूट काढले, कुणीतरी कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं, की मग माझ्या कानावर काय ते पडतं.

नजलाला दोन मुलं झाली. थोरला फिरास, धाकटी लुबना. फिरास लहानपणी कणकेचा गोळा चोरायचा आणि मला गालावर दाबून आरशात बघायचा. "आई, मी पण प्रसाद!" नजला त्याच्यामागे लाटणं घेऊन धावायची. आमच्याकडे थोरल्या मुलावरून आईबापांना हाक मारतात. तेव्हापासून नजला सगळ्या गावाची 'फिरासची आई' झाली आणि मित्री 'फिरासचे बाबा'. मित्री त्याच गावात शाळेत भूगोल शिकवायचा, पण त्याला मास्तर म्हणून कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

फिरास मोठा झाला, होम्सला गुरांच्या डॉक्टरकीचं शिकायला लागला. लढाई सुरू झाली होती. एका सकाळी तो परीक्षेला म्हणून भाड्याच्या गाडीत बसला. परीक्षेच्या जागी तो पोचला नाही. गाडीही पोचली नाही, ड्रायव्हरही नाही. वाटेत कुणीतरी अडवलं, एवढंच कळलं. कुणी ते कधीच कळलं नाही.

त्या शनिवारी नजलानं दोन पाव केले. जिवंतांच्या पावावर तिनं मला इतक्या जोरानं दाबलं की माझी चकती कणकेच्या तळाला टेकली.

पुढे गावात राहणं कठीण झालं. अर्जेंटिनात तुकुमान नावाचा प्रांत आहे. आमच्या खोऱ्यातली माणसं फार पूर्वी तिकडं जाऊन स्थायिक झाली आहेत. त्यांच्यातल्याच एक एमिलियाबाई. त्यांचे आजोबा आमच्या गावचे. त्यांनी आमच्या कुटुंबासाठी शब्द टाकला, हमी दिली आणि मित्री, नजला, लुबना तिकडं निघाले. नजलाला निघायचं नव्हतं. "तो आला आणि दाराला कुलूप बघितलं तर?" ती म्हणाली. शेवटी मित्रीनं किल्ली शेजाऱ्यांकडे दिली, आणि मला फिरासच्या मफलरमध्ये गुंडाळून नजलानं आपल्या पिशवीत ठेवलं.

नव्या देशात पहिली फजिती झाली ती माझीच.

तुकुमानची हवा गरम आणि ओली. आमच्या डोंगरात कणीक फुगायला अर्धा दिवस घ्यायची. इथं ती बघता बघता परातीबाहेर यायला लागली. नजलानं नेहमीच्या हिशेबानं मला दाबलं, पाव भट्टीत सरकवला, आणि बाहेर काढला तेव्हा माझी सगळी अक्षरं सुजून एकमेकांत मिसळली होती. क्रूस कुठला, कडा कुठली, काही कळेना. नजला तो पाव मांडीवर घेऊन बसली आणि रडायला लागली. आल्यापासून पहिल्यांदाच ती रडली, आणि तेही पावासाठी.

एमिलियाबाईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्या इथंच जन्मलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, अरबी फक्त स्वयंपाकघरापुरती आणि शिव्यांपुरती. सगळे त्यांना मावशीच म्हणतात. "अगं, इथलं पीठ आपलं ऐकत नाही. माझ्या आजीनं पहिलं वर्षभर असले फुगलेले बेडूकच नेले देवळात. बर्फाचं पाणी घाल. खमीर निम्मं कर. आणि ठसा मारलास की विणकामाच्या सुईनं भोकं पाड, वाफ निघून जाईल."

"पाव बिघडलेला देवाला कसा द्यायचा?" नजलानं विचारलं.

"देवाला काय ग, तोही इथं आल्यावर घामाघूम झालाय."

हळूहळू घर बसलं. मित्रीला लिंबं निवडून पेट्यांत भरायच्या कारखान्यात काम मिळालं. आयुष्यभर जगाचा नकाशा शिकवलेला माणूस आता लिंबांच्या पेट्यांवरची बंदरांची नावं वाचून यायचा आणि जेवताना सांगायचा. रविवारी तो देवळात आत जाऊन धुपाटण्याचे निखारे पेटवायला लागला. लुबना मिठाईच्या दुकानात लागली आणि सहा महिन्यांत इथल्या पोरींसारखी भरभर बोलायला लागली. ती घरी 'माते' नावाच्या काढ्याचा पेला घेऊन आली. पानांचा हा कडू काढा इथले लोक दिवसभर पितात. पेला एक, नळी एक, आणि ती हातोहात फिरते.

"शी!" नजला म्हणाली. "सगळ्यांच्या तोंडातली नळी?"

"आई, देवळात अबूना एकाच चमच्यानं सगळ्या गावाला प्रसाद पाजतात, तेव्हा काय होतं?"

"तो देवाचा चमचा आहे."

"ही आमच्या दुकानातल्या ग्लादिसची नळी आहे. ती पण बरी बाई आहे."

मित्री इतका हसला की त्याला ठसका लागला. नजलानं त्या दिवशी नाही, पण पुढच्या महिन्यात नळीला तोंड लावलं. तोंड वाकडं केलं आणि पुन्हा ओढलं.

असं सगळं चालू होतं, तरी घराला स्वस्थता नव्हती. फोन वाजला की नजला हातातलं टाकून धावायची. वाजला नाही की उगीच उचलून बघायची. बाजारात कुणाची पाठ फिरासच्या पाठीसारखी दिसली की त्याच्या पुढे जाऊन वळून बघायची. कणीक फुगायची वाट बघताना पूर्वी ती खुर्चीवर बसायची. आता ओटा ते खिडकी, खिडकी ते ओटा अशा येरझारा घालायची. तिच्या पावलांनी फळीवर मीही हलायचो. हिवाळ्यात इथं ऊस जाळतात, त्याची काळी राख उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ती राख झाडतानाही तिचे ओठ हलत असायचे. दर शनिवारी दोन पाव. दर रविवारी जिवंतांच्या पावाबरोबर पहिलं नाव, फिरास.

मग एका नोव्हेंबरात मित्रीच्या भावाचा गावाहून फोन आला.

तुरुंगातून सुटलेला एक माणूस खोऱ्यात आला होता. तो म्हणाला, तुमचा फिरास आमच्या कोठडीत होता. पहिल्याच हिवाळ्यात तापानं गेला.

मित्री फोन ठेवून स्वयंपाकघरात आला. नजला टोमॅटो चिरत होती. त्यानं सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"त्यानं नाव काय सांगितलं?"

"फिरास."

"आपल्या खोऱ्यात दगड भिरकावला तर एखाद्या फिरासलाच लागतो. आडनाव?"

"आत आडनाव कोण विचारतं, फिरासची आई?"

"दिसायला कसा होता म्हणाला?"

"उंच."

"तुरुंगात सगळेच उंच दिसतात. वाळलेले असतात." ती पुन्हा टोमॅटो चिरायला लागली. "त्यानं कुणाचातरी मुलगा बघितला. देव त्या आईला बळ देवो."

मित्री उभाच राहिला. मग म्हणाला, "मी थकलोय ग. मला त्याच्यासाठी एकदा रडू दे. त्याच्या नावानं प्रार्थना होऊ दे, दिवस होऊ देत. किती वर्षं मी त्याला दाराबाहेर उभा ठेवू? आतही नाही आणि गेलेलाही नाही."

"रडा की. तुम्हाला कुणी अडवलंय? पण माझ्या मुलाला माझ्या हातानं खालच्या ओळीत ढकलणार नाही."

त्या शनिवारीही माझे दोन ठसे पडले. रविवारी काय झालं ते मला परत आल्यावरच्या भांडणातून कळलं. नजलानं नेहमीप्रमाणे जिवंतांच्या पावाबरोबर फिरासचं नाव सांगितलं होतं. मित्री निखारे पेटवायला आत गेला आणि त्यानं अबूनांच्या कानात सांगितलं, फिरासला गेलेल्यांत घ्या. अबूना दोन्ही पाव समोर घेऊन थांबले. म्हणाले, "एकच माणूस दोन्ही ओळींत कसा घालू? आधी तुम्ही नवराबायको एकमत करा. तोवर मी त्याचं नाव घेत नाही."

म्हणजे नाव कुठेच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बघा, काय केलंत!" नजला ओरडत होती. "जिवंतांतूनही काढलंत त्याला, मेलेल्यांतूनही!"

"मी काढलं? तू त्याला शांत होऊ देत नाहीस!"

"तो शांत होण्यासाठी आधी मेला पाहिजे!"

मधेच लुबना म्हणाली, "माझं नाव घेतलं का अबूनांनी?"

दोघांनी तिच्याकडे वळून बघितलं.

"त्या गडबडीत तुम्ही दोघंही माझं नाव सांगायचं विसरलात. मी मागेच उभी होते." ती दार ओढून बाहेर गेली. रागावून आपटलंही नाही. ते आपटलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

त्यानंतर घरात बोलणं मिठापुरतं उरलं. पुढच्या रविवारी लुबनाचं नाव सर्वांत आधी सांगितलं गेलं. फिरासचं सांगून उपयोग नव्हता. मी फळीवर पडून विचार करायचो, माझा ठसा जातो तिथं त्याचं नाव जात नाही, तर मी कशाला जातो? लाकडानं असं बोलू नये, पण त्या दिवसांत मला उसळून खाली पडावंसं वाटायचं.

डिसेंबर आला. आमच्या गावी डिसेंबराच्या सुरुवातीला संत बार्बाराचा सण असतो. बार्बारा ही कोवळी पोर. बापाच्या भीतीनं पळत सुटली आणि नुकत्या पेरलेल्या शेतातून धावली, तेव्हा तिच्यामागे गहू पुरुषभर वाढला आणि पाठलाग करणाऱ्यांना ती दिसेनाशी झाली. म्हणून त्या दिवशी कांडलेल्या गव्हाची खीर करतात. त्यात बडीशेप, मनुका, वर साखरेत घोळलेले रंगीत बदाम. पोरं तोंडाला काजळी फासून, मोठ्यांचे कोट घालून दारोदार खीर मागत फिरतात. फिरासचा हा सगळ्यात लाडका सण. खोऱ्यात तेव्हा कडाक्याची थंडी; खिरीच्या वाफेनं खिडक्या धुरकट व्हायच्या.

इकडे आल्यापासून नजलानं ती खीर एकदाही केली नव्हती. डिसेंबरात इथं भर उन्हाळा, डांबर वितळतं, गरम खीर खाणार कोण? पण या वर्षी ती सकाळी उठली आणि म्हणाली, "करायचीच." मला वाटतं, गव्हानं एका पोरीला लपवलं, मग एका पोराला का लपवणार नाही, असं काहीतरी तिच्या मनात होतं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

ती आमच्याच लोकांच्या किराणा दुकानात गेली आणि कांडलेले गहू मागितले. दुकानदारीण म्हणाली, "गहू? कुणासाठी ग?"

"माझ्या फिराससाठी," नजला म्हणाली. आणि पिशवी घेऊन घरी आली.

आता घोटाळा कसा झाला बघा. गेलेल्या माणसाच्या नावानंही आमच्यात गव्हाचीच खीर करतात, देवळात नेतात, वाटतात. तुकुमानमधल्या आमच्या लोकांनी गेल्या तीन पिढ्यांत बार्बाराला विसरून टाकलं होतं. उन्हाळ्यात कोण लक्षात ठेवणार? पण माणसं तर उन्हाळ्यातही मरतात, म्हणून मेलेल्यांची खीर तेवढी शिल्लक राहिली. दुकानदारणीनं दुपारच्या आत सगळीकडे कळवलं: नजलानं मानलं. फिरासची खीर शिजतेय.

दुपारची झोप आटोपून मावशी आल्या. काळा झगा, काळे मोजे, त्या उन्हात. हातात कडू कॉफीचा मोठा थर्मास, कारण सुतकाच्या घरी साखर चालत नाही. त्यांच्यामागे दुकानदारीण आणि देवळातल्या आणखी तिघीचौघी, सगळ्या काळ्यात. नजला चुलीपाशी होती. डोक्याला फडकं, हातात डाव, गालाला घाम. ओट्यावर लाल-पिवळे-हिरवे बदाम ताटात पसरलेले. मी त्यांच्या शेजारीच होतो.

मावशींनी तिला घट्ट मिठी मारली. "बरं केलंस पोरी. देव त्याला आपल्याजवळ ठेवो."

"कुणाला?" नजला म्हणाली.

मावशी दचकल्या. "फिरासला."

"का? काय झालं फिरासला? फोन आला का कुणाला?"

"अगं... खीर..."

नजलानं सगळ्यांच्या कपड्यांकडे बघितलं. मग पातेल्याकडे. तिच्या हातातला डाव हळूहळू वर गेला आणि मला वाटलं, आता कुणाच्यातरी डोक्यात बसणार.

"आज बार्बारा आहे!" ती म्हणाली. "बार्बाराची खीर आहे ही!"

मागून एक तरुण बाई हळूच म्हणाली, "कोण बार्बारा? नखं रंगवते ती? तिलाही काही झालं का?"

"गप्प बस ग," मावशी फणकारल्या, आणि मग त्यांचाच चेहरा बदलला. "थांब. बार्बारा. काजळी. माझी आजी माझ्या नाकाला काजळी लावायची. देवा रे, मी विसरलेच होते."

सगळ्या ओशाळून उभ्या राहिल्या. कुठं बघावं कुणाला कळेना. आणि त्याच वेळी मित्री कामावरून आला.

त्यानं दारातून बघितलं. घरात काळ्या कपड्यांतल्या बायका, कडू कॉफीचा वास, चुलीवर गहू. त्याचा त्याला काय अर्थ लागला ते सांगायला नको. दुकानदारणीला सांभाळून घेता आलं नाही, सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "देव तुम्हाला धीर देवो, फिरासचे बाबा."

मित्रीनं टोपी काढली. उजवा हात छातीवर ठेवला, आणि मुलगा गेलेल्या बापानं जे उत्तर द्यायचं असतं ते दिलं. "देव तुमची मुलं राखो." मग दुसरीला. मग तिसरीला. तो दाराशी ताठ उभा होता, जसा आमच्या गावी घरचा कर्ता उभा राहतो. लिंबाच्या वासाचे हात, कामाचा सदरा. चौथीला उत्तर देताना त्याचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी त्याला असं रडताना ऐकलं नव्हतं. भिंतीला धरून तो खाली बसला.

मला वाटलं, नजला आता ओरडेल. सगळं चुकून झालंय, असं सांगेल. बायकांनाही तेच वाटलं असावं.

नजलानं डाव पातेल्यात ठेवला. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं वाट्या मांडल्या आणि खीर वाढली. प्रत्येक वाटीवर रंगीत बदाम घातले, स्वतःच्या वाटीवर जरा जास्तच. एक वाटी तशीच ठेवली, साधी, पांढरी. ती घेऊन मित्रीसमोर जमिनीवर बसली.

"घ्या," ती म्हणाली. "तुमची."

त्यानं वाटीत बघितलं, मग तिच्या वाटीत. घेतली. दोघं एकाच पातेल्यातली खीर समोरासमोर बसून खाऊ लागले, तो मुलाच्या सुतकाची आणि ती मुलाच्या सणाची.

मावशी थर्मास धरून अजून उभ्याच होत्या. "नजला," त्यांनी विचारलं, "आता या कॉफीचं काय करू? कडू ठेवू की साखर घालू?"

"यांची कडूच द्या," नजला म्हणाली. "माझ्यात दोन चमचे."

आधी कुणीतरी नाकातून हसलं. मग मावशी हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. लुबना दुकानातून आली तेव्हा काळ्या कपड्यांतल्या बायका घामाघूम होऊन गरम खीर चाटत होत्या. मावशींच्या नाकाला काजळी होती. ती तव्याची त्यांनी स्वतःच लावून घेतली होती.

"या घरात काय चाललंय?" लुबनानं विचारलं.

"बस," मित्री म्हणाला. "तुझ्यासाठी ठेवलीय. बदाम हवेत की नकोत?"

लुबनानं दोघांकडे बघितलं. "निम्म्या वाटीवर," ती म्हणाली.

त्या शनिवारी नजलानं बर्फाचं पाणी काढलं, पीठ चाळलं, आणि कणकेचा गोळा केला. मी दोन गोळ्यांची वाट बघत होतो. तिनं एकच केला, मोठा. फुगेपर्यंत ती येरझारा घालत होती. मग तिनं हाक मारली, "अहो, जरा इकडं या."

मित्रीनं मला जन्मात हात लावला नव्हता. त्यानं मूठ धरली, तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"पिळू नका. सरळ दाबा."

"एकच पाव?"

"एकच. अबूनांना सांगा, आमचं एकमत झालं."

"कशावर?"

"त्याचं नाव घ्यायचं यावर. पुढचं त्यांनी आणि देवानं बघावं. तो कुठं आहे ते त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही, तुम्हालाही नाही. मग अडून का बसायचं?"

मित्री मुठीवर वाकला. दोघांचं वजन माझ्यावर आलं. ठसा इतका खोल गेला की नामानचं कलंडलेलं अक्षरही त्या दिवशी नीट दिसलं, असं नजला म्हणाली.

रविवारी मी ओट्यावर पडून होतो. घर रिकामं. खिडकीतून उसाच्या मळ्याकडची गरम हवा येत होती. माझ्यासारख्या लाकडाला घाम येत नाही, पण ओल धरते. त्या सकाळी मी नक्की जड झालो होतो. शेवटी पावलं वाजली. बूट. कॉफीचं भांडं.

मग नजलानं विचारलं, "घेतलं?"

"घेतलं," मित्री म्हणाला. "आत वेदीजवळ, मला ऐकू येईल असं. सुरी हातात धरून थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, फिरास. पुढं काही नाही, मागं काही नाही."

कॉफी उतू जायला आली होती. कुणी उठलं नाही.

"चुरा कुठं ठेवला?" तिनं विचारलं. "वरच्या ओळीत की खालच्या?"

"मी जवळच उभा होतो. दिसलं असतं." मित्री म्हणाला. "पण डोळे मिटून घेतले."

नजलानं उठून चूल बंद केली.

"बरं केलंत," ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्याकडे एकच पाव होतो. आता मी म्हातारा झालो आहे. इथल्या ओलीनं माझ्या कडेला चीर गेली आहे आणि एका बाजूची नक्षी पुसट उमटते. नजला फोन वाजला की अजून धावते. मित्री वर्षातून एकदा काळा सदरा घालतो आणि ती त्याला तो इस्त्री करून देते. लुबनाचं लग्न ठरतंय. मी तिच्याबरोबर जाईन असं बोलणं चालू आहे. तिच्या घरी एक पाव होईल की दोन, ते मला माहीत नाही.

लुबना, आणि तुझ्यानंतर मला हाती घेणाऱ्या पोरींनो, तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. कणीक फार फुगली तर फुगू द्या. ठसा पुसट आला तर येऊ द्या. ज्याचा पत्ता लागत नाही, अशा माणसाचं नाव मात्र पावाबरोबर सांगत जा. ते कोणत्या ओळीत जातं, ते बघायला वाकू नका.